बारा वाव पाण्यावरून

२० सप्टेंबर
पोचलो एकदाचे! सामान उतरवून पाठीचा खुळखुळा झालाय, पण मन खूश आहे. उरणच्या गोदामातली विनेशची नोकरी गेल्यापासून चार महिने घरात नुसती धुसफूस होती. आता तो इथे, त्याच्या गावात, मामाच्या ‘केसर’ बोटीवर जाणार आणि मला मच्छीमार सोसायटीत काम मिळालंय. राहायला ऑफिसच्या मागचीच खोली. खिडकीतून धक्का आणि समुद्र. मी माणगावकडची, भातशेतीतली. आमचा समुद्र सहलीपुरता.

काम म्हणजे रोज सकाळी मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघायचा, भोंग्यावर ओरडून सांगायचा आणि बोटींशी वायरलेसवर बोलायचं. सेक्रेटरी शिवदासकाका म्हणाले, बाय, वाचता येतंय ना, मग झालं. मी मनात म्हटलं, काका, मी दिवसाला चारशे कंटेनरचे नंबर टाइप करत होते, ऊन-पाऊस वाचायला काय लागतं!

२६ सप्टेंबर
डोक्याला ताप आहे नुसता. परवा अंदाज आला ‘मुसळधार’. मी घसा फोडून सांगितलं, बोटी काढू नका. दिवसभर असं कडक ऊन पडलं की धक्क्यावर पाय ठेववेना. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. काल अंदाज ‘कोरडं’. शेजारच्या मनुबाईने सगळे बोंबील वाळत टांगले आणि अकराला आभाळ फाटलं. मनुबाई सत्तरीची, तोंडाने फटकळ. ओल्या बोंबलांची पाटी माझ्या दारात आपटून म्हणाली, घे, घाल तुझ्या मोबाइलला खायला.

तीन ॲप टाकलीत. तिघांची तीन तोंडं. अंदाज त्यांचा आणि शिव्या मला, हा कुठला न्याय? विनेश म्हणतो, मनाला लावून घेऊ नको. त्याला काय जातंय बोलायला, भोंगा माझ्या हातात आहे.

३० सप्टेंबर
आज एक बरी गोष्ट झाली. दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि वायरलेसवर एक म्हातारा आवाज आला. म्हणाला, बारा वाव पाण्यावर हाय, आता वारा न्हाय, पन तीनला खालून येल, जाळी आवरा. बारा वाव खोल पाणी म्हणजे बरंच आत. दिवेआगरकडच्या बोटीवरचा कोणी जुना तांडेल असावा. मी बोटींना कळवलं. बरोब्बर तीनला दक्षिणेकडून वारा सुटला! आज पहिल्यांदा मला कोणी बोल लावला नाही.

माणूस इतका भला, आणि माझ्या हातात घास. आमच्याकडे जेवताना दारावरून कोणी गेलं तरी म्हणायची सवय, तसं सेटवर म्हणून गेले, काका, या जेवायला. मग म्हणाला, येतो.

५ ऑक्टोबर
रोज दुपारी मीच सेटवर विचारते आणि तो सांगतो. एकदाही चुकला नाही. मनुबाईने चक्क वाटीभर कालवण आणून दिलं. पोरीला हवा कळाया लागली, म्हणाली.

एकच गंमत. आधी तो बारा वाव पाण्यावरून बोलायचा. मग सात. आज म्हणाला, काळ्या खडकाजवळ हाय. तो खडक माझ्या खिडकीतून दिसतो. मी बघितलं, तिथे बोट नव्हती.

८ ऑक्टोबर
शिवदासकाकांना विचारलं, हा तांडेल कोण? त्यांनी कधी ऐकलाच नाही म्हणे. मनुबाई दारात बसली होती. मी सहज जेवायला बोलावल्याचं सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, आमच्यात दर्याकडं तोंड करून कुनाला जेवाया बोलवत न्हाईत. जे बुडालं नि गावलं न्हाईत, त्यांचं दिवसकार्य व्हत न्हाय, त्यांची भूक ऱ्हाते. तुला कुनी सांगितलं न्हाय व्हय?

नाही सांगितलं कोणी. मला सगळं शिकवलं, भोंग्याचं बटण कुठलं तेसुद्धा. हे नाही.

पुढे म्हणाली, तू इचारलंस की तो एक पाऊल येतो. इचारू नको.

११ ऑक्टोबर
विचारलं नाही. तीन दिवस मोबाइलवर भागवलं. तीन दिवस चूक. काल एका बोटीचं सुकाणू मोडलं, दोघे पडता पडता वाचले. त्यांच्या बायका ऑफिसात येऊन मला नाही नाही ते बोलल्या. मी ऐकून घेतलं. भांडायचंही त्राण नाही.

आज ‘केसर’ बाहेर होती आणि ढग आले. मी विचारलं.

म्हणाला, खाडीच्या तोंडाशी हाय. पाऊस पडनार न्हाय.

नाही पडला.

१४ ऑक्टोबर
विनेशला सगळं सांगितलं. म्हणाला, तू दमलीस, चार दिवस माहेरी जाऊन ये. मी म्हटलं, तूच जाऊ नकोस ना बोटीवर. मामाकडे माणसं कमी आहेत, असं म्हणाला. अगदी खरं आहे ते. म्हणूनच राग येतो.

दुपारी परत विचारावं लागलं. आता तो धक्क्यावर आहे. धक्क्यावर ऊन होतं, मांजरं होती. एकाच जागेवर फरशी ओली.

१६ ऑक्टोबर
सकाळी नळावर होते. भोंगा सुरू झाला. अंदाज सांगत होता, तीन दिवस हवा चांगली. माझ्या आवाजात.

ऑफिसला कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला.

बोटी निघून गेल्या. ‘केसर’ पण. तीन दिवसांसाठी.

१८ ऑक्टोबर
विचारलं नाही. विचारलं नाही. पंधराला विचारलं तेच शेवटचं. झोप नाही. मोबाइलमध्ये पिवळा सूर्य हसतोय.

ऑफिसच्या पायरीवर पाणी आहे. पुसलं. परत आहे.

१९ ऑक्टोबर, साडेबारा
दक्षिणेकडे आभाळ काळंनिळं. वाराच नाही, पान हलत नाही. मनुबाई बोंबील काढतेय, न सांगताच. ॲप अजून ‘स्वच्छ’ म्हणतंय, मेलं!

‘केसर’ सेटवर आली. विनेश विचारतोय, काय करू, थांबू की निघू? खडकाच्या कुठल्या बाजूने येऊ? मला काय माहीत रे. मला भात कधी लावायचा ते कळतं.

मामा पण ‘ती सांगेल तसं’ म्हणतोय. म्हणजे घाबरलाय.

तो पायरीवर आहे. आता विचारलं तर पुढची जागा आतली.

विनेश परत विचारतोय —

पावणेदोन
विचारलं.

उत्तर सेटमधून नाही आलं. पाठीमागून आलं. दोन तास हायत, म्हणाला, खडकाच्या वरच्या अंगानं आना.

तसंच विनेशला सांगितलं. ऐकलं म्हणाला. साडेतीनच्या आत पोचतो. हसत होता, वेडा. वाचला. माझा माणूस वाचला.

खुर्ची सरकली. मी वळले नाही. ओल्या कपड्यांचा वास

दाराला आतून कडी आहे, निघत नाही. मी लावली नव्हती.

तो अजून हवा सांगतोय. माझ्याच आवाजात. हळूहळू, गोड —

विनेश, वही खिडकीच्या गजांतून बाहेर टाकतेय. आधी हे वाच. आतून हाक आली तरी लगेच आत येऊ नकोस. मी असेन तर आधी भांडेन, एवढा उशीर का केलास म्हणून. शिव्या देईन. रडेन. पण आतून कोणी गोड बोलून वारा कुठला आहे ते सांगायला लागलं, तर दार उघडू नकोस, मनुबाईला घे आणि —