गावात तंटा नाय म्हणे, वहिनी!

प्रिय वहिनी,

आपल्या गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आत्ताच रोह्याला माझ्या घरी येऊन गेले. मी चहा विचारला नाय! दारात आलेल्या माणसाला चहा न विचारायची माझी ही पहिलीच वेळ. उद्या तुझ्या खुनाच्या खटल्यात माझी साक्ष हाय. आरोपी माझा सख्खा दादा. ते अध्यक्ष काका उठून गेल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून तुझ्याशीच बोलायला बसले.

म्हणाले, "ताई, भाऊ तो भाऊ. गेली ती काय परत येणार? गावाच्या नावाचा तरी विचार कर."

मी म्हटलं, "काका, तुम्ही आज इथं आलात, ते पण सरकारी वकिलांना सांगणार हाय मी." चपला उलट्या घालून निघाले गो! तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

आठवतं, लेकीला, सईला कडेवर घेऊन माझ्याकडे आली होतीस? "बाथरूममध्ये पडले," म्हणालीस. बाथरूम काय गालावर बोटं उमटवतं? तसाच तुझा हात धरून पोलीस ठाण्यात नेलं तुला. साहेबांनी तक्रार लिहूनच घेतली नाय. "घरातलं भांडण हाय. गावात समिती हाय ना? तिथं मिटवा." महिलांसाठी नेमलेल्या मॅडमकडे गेलो, तर खुर्ची रिकामी. मॅडम मीटिंगला!

मग भरली समितीची बैठक. दादानं कान पकडले. कंपनीतली शिफ्ट बुडवून आला म्हणून त्याचंच कौतुक! तुझ्या ओटीत नारळ घातला, आणि त्याला म्हणाले, बायकोला पेढा भरव. तुझा ओठ फुटलेला. तुला तो पेढा चावता येईना, आणि लोक टाळ्या वाजवत होते. तंटा मिटला!

का गो गेलीस परत त्याच्याबरोबर? मी म्हणत होते, राहा माझ्याकडे. पेणला पापड लाटायला जायचीस, ते काम रोह्यात मिळालं नसतं? पण तुझं एकच, "समितीनं शब्द दिलाय." लोकांच्या शब्दावर केवढा गो तुझा भरवसा! दादाला मात्र त्या पेढ्यानं कळलं, की या बाईच्या मागं कोणी नाय.

त्यानं जिन्यावरून ढकललं तुला. कागदावर आलं, पाय घसरला. इस्पितळात माझ्या कानाशी तू काय बोललीस, ते फक्त मी ऐकलं. तेच सांगत मोठ्या साहेबांच्या दारात ठाण मांडून बसले. "बाई, उठा," म्हणाले. नाय उठले. तेव्हा कुठं खुनाचा गुन्हा लागला.

आई म्हणते, "माहेर तुटेल तुझं. भाऊबीजेला कोणाला ओवाळशील?" सईला ओवाळीन! पोर माझ्याकडेच हाय आता. आईचं रडणं ऐकवत नाय, खोटं कशाला सांगू? पण तुझी आई पण रडतेच हाय की.

उद्या वकील विचारतील, आरोपी तुमचा कोण? दादाच्या डोळ्यात बघून सांगीन, सख्खा भाऊ. आणि तुझं शेवटचं बोलणं जसंच्या तसं सांगीन, समोर आईनं पदर पसरला तरी. माझा शब्द हाय, वहिनी. समितीचा नाय.

तुझी नणंद, सईची आत्या,
सुनंदा