निवृत्तीची रंगीत तालीम

चिरंजीव बाळास,

आजीचे पोतंभर आशीर्वाद. मी बोलते आहे आणि खालच्या मजल्यावरचे हिशेबनीस लिहून घेत आहेत (नोकरी संपून कित्येक वर्षं झाली, तरी माणूस पत्र लिहायला गळ्याचं बटण लावून बसतो). इकडे गुडघे सोडून सर्व क्षेम आहे. तिकडे तुझी पाठ, तुझं पित्त आणि तुझा साहेब ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील असं धरून चालते.

तुझ्या त्या पैशांच्या सल्लागाराचं मला कौतुक वाटलं. पंचेचाळिशीत नोकरी सोडलीत तर पैसा पुरेल, पण आधी आठ दिवस रिकामं बसून बघा, असं त्याने सांगितलं, आणि ती रंगीत तालीम करायला तू नेमका माझ्याकडे आलास. घरात लग्नकार्य नाही, आजारपण नाही, आणि नातू मोठी बॅग घेऊन दारात! शेजारणीला मी दोनदा बोलावून ती बॅग दाखवली.

पण तुला रिकामं बसता येत नाही रे. (पाळण्यातसुद्धा येत नव्हतं.) पहिल्याच सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसलास आणि विचारलंस, "आजी, आजचं काय ठरलंय?" मी म्हटलं, मटार सोल. सोलता सोलता तुझी नजर गेली माझ्या डब्यांवर. दुपारपर्यंत सगळे डबे खाली काढून, पुसून, चिठ्ठ्या चिकटवून, अक्षरांच्या क्रमाने पुन्हा वर! मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखीच दिसतात, हे तुझ्या ध्यानातच आलं नाही. इतकी वर्षं आपोआप साखरेकडे जाणारा माझा हात त्या संध्याकाळी मिठावर पडला, आणि हिशेबनीसांनी तो चहा भिडेखातर संपवला. (संपवला नव्हता, कुंडीत ओतला, असं ते आत्ता कबूल करताहेत. झाड का वाळलं ते आज कळलं.)

दुसऱ्या दिवशी तू खालच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांची बैठक घेतलीस. ते बिचारे नुसते बसायचे. या बसण्यातून नेमकं साधायचं काय आहे, असं तू त्यांना विचारलंस. त्यावर मतभेद झाले. आता तिघं एका टोकाला आणि दोघं दुसऱ्या टोकाला, एकमेकांकडे पाठ करून बसतात.

तिसऱ्या दिवशी मात्र जमलं. जेवून तू जमिनीवरच आडवा झालास, डोकं माझ्या मांडीला टेकवलंस आणि घोरायला लागलास. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, करपलं, वास जिनाभर झाला. मी उठले नाही.

चौथ्या दिवशी तू निघालास. शेजारणीला सांगितलंस, ऑफिसातून फोन आला. फोन आला नव्हता, बाळा. तू तो उशाशी, ताटाशी, न्हाणीघराच्या खिडकीत घेऊन फिरलास आणि तो एकदाही वाजला नाही, म्हणून तू गेलास. मला कळतं ते. फोन न वाजण्याचा अनुभव माझा तुझ्याहून दांडगा आहे.

डबे पूर्वीसारखे लावून देतो म्हणून हिशेबनीस मागे लागलेत. मी नको म्हटलं. रोज एकेक उघडून, चाखून बघते.

नोकरी सोडलीस की कायमचा इथे येणार म्हणतोस. तेव्हा मी नव्वदीत असेन. सल्लागाराच्या गणितात ते बसतं, माझ्या गुडघ्यांच्या नाही.

तुझी,
आजी

ता. क. तुझा चार्जर इथे राहिलाय. पाठवणार नाही. पोस्टाचा मला भरवसा नाही.

आणखी एक ता. क. सल्लागाराचं कार्डही राहिलं होतं. हिशेबनीसांकडून त्याला फोन लावून घेतला आणि सांगितलं, पोरगा साफ नापास आहे, असा सोडलात तर वर्षभरात खुळा होईल. तो घाबरला. दर महिन्याला चार दिवस सराव करायला लावतो म्हणाला. त्याचा फोन आला की तुला काही ठाऊक नाही असंच दाखव. आणि सराव जरा बेतानेच कर हं. इतक्यात पास होऊ नकोस.