आठ दिवसांच्या बाळाला वॉकर

पप्पा, मम्मी,

ज्या बाळाने अजून मान धरली नाही, ते वॉकर चालवणार कसं? माझ्या मैत्रिणी जेबा आणि मनतशा म्हणाल्या, "हिंमत असेल तर पप्पांना विचारून दाखव." तोंडावर विचारलं असतं तर मम्मीने मध्येच गप्प केलं असतं, म्हणून लिहून विचारते.

बारशाला उदगीरच्या पाहुण्यांना दिसावं म्हणून तुम्ही गाणी वाजणारा वॉकर आणला, आणि इथं लुंबिनीताई चारच लंगोट इस्त्रीने वाळवून राहिली! बाळाच्या मांड्या लालभडक झाल्यात. ती मागणार न्हाई. "माझ्या बाळंतपणात आधीच लई खर्च झालाय," म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते. तुम्हाला दिसत कसं न्हाई?

वॉकर आणि पावती घेऊन मी जेबासोबत ऑटोने दुकानात गेले आहे. फोनवर विचारलं, दुकानदार बदलून द्यायला तयार आहे. लंगोट, दुपटी, रबरी शीट आणि मच्छरदाणी आणते. ताईवर रागावू नका, तिला यातलं काही माहीत न्हाई.

आणि माझं ठरलंय. रविवारी बारशाच्या मांडवात पाहुण्यांपुढे बाळाच्या वस्तू मीच मांडणार, लंगोटांसकट.

संघमित्रा