खिडकीजवळची झोप

प्रिय वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून आधी तेच सांगते. बाळ आहे. ठीक आहे. हे लिहितेय तेव्हासुद्धा डाव्या कुशीत त्याची काहीतरी धडपड चाललीय. मला ठाऊक आहे ना, जिने जन्मात सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही ती तुझी कात्री पानंच्या पानं लिहायला लागली म्हणजे तुला भलतंच वाटणार. काल फोनवर सगळं बोलून झालं असं तुला वाटलं असेल. झालं नाही. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा भलतंच बोलले. एकदा तर काजांना कुठला धागा वापरतेस ते विचारलं. तूही चक्रावलीस, या बाईला पडल्या पडल्या काजं कुठून सुचली म्हणून.

आता खोलीत मी आणि छत, एवढेच. पंख्याच्या हुकापासून दारापर्यंत छताला एक चीर गेलीय, ती मला पाठ झालीय. उशाशी पाण्याची बाटली, गोळ्या, फोन. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई शाळेत जाता-येता डोकावतात, डबा ठेवतात, दार ओढून घेऊन जातात. नवरोबा तिकडे पुलाच्या कामावर, क्रेनमध्ये. शेवटचे दोन गाळे बसल्याशिवाय त्याला सुट्टी नाही. रोज फोन करतो आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरतो, मग मीच त्याला धीर देत बसते. डॉक्टरबाई मात्र धीर-बीर देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. वार खाली आहे, अगदी गर्भाशयाच्या तोंडाशी. उभं राहायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही, पुन्हा रक्त दिसलं तर एक मिनिट घालवायचं नाही, आणि एकटीनं राहायचं नाही. दहा आठवडे काढलेत तर बाळ हाताशी लागेल, असं म्हणाल्या. नाही काढले तर काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून दर वेळी मोरीत रक्ताच्या धास्तीनं जाते. बघायचं नाही असं ठरवते आणि तेच आधी बघते.

गेल्या गुरुवारी काय झालं ते तुला फोनवर अर्धंच सांगितलं. बसमध्ये उभी होते, ब्रेक लागला, घरी येईपर्यंत रक्त दिसलं, एवढंच. त्यावर तू विचारलंस, कुणीच उठलं नाही का गं? साधा प्रश्न. त्यावरच मी काजांचा विषय काढला. तर ऐक, कुणीच उठलं नाही, पण त्यात लोकांचा दोष अर्धाच. सहावा लागला तरी मी कुणाला कळू दिलं नव्हतं. कारखान्यातल्या बायका दिवसभर दुसऱ्यांची मापं बघतात, त्यांनासुद्धा पत्ता नाही. छातीखालून चुण्या घ्यायच्या, घेर उभा सोडायचा, पट्टा द्यायचा नाही. कुणी शिकवलं? तूच. मी तसे चार ड्रेस शिवले, असे बेमालूम की आरशात मलाच खरं वाटेना. मला वाटायचं, बोलले की जाईल. वेडेपणा आहे, ठाऊक आहे. पण रोज संध्याकाळी पन्नास मिनिटं त्या दांड्याला लोंबकळताना कळायचं की मी हे इतकं छान लपवलंय की आता हक्कानं जागासुद्धा मागता येत नाही. एकदा एका आजोबांनी तर मलाच सांगितलं, बाई, जरा सरका, माझ्या गुडघ्यावर रेलताय.

त्या गुरुवारी पाठीत सकाळपासून कळ होती. मी ठरवून टाकलं, आज तोंड उघडायचं. समोर खिडकीजवळ एक मुलगी बसली होती, वीस-बावीसची, मांडीवर पिशवी. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पोटावर हात ठेवला, मुद्दाम, ड्रेस मागून ओढून धरला. तिला दिसलं. खात्रीनं दिसलं, वहिनी. आणि तिनं डोकं काचेला टेकवलं आणि डोळे मिटले. खरा झोपलेला माणूस कसा असतो ठाऊक आहे? त्याचं तोंड सैल पडतं, मान हलते. हिची मान ताठ. पापण्या फडफडत होत्या. एक शब्द बोलले असते तर उठली असती बिचारी, शरमेनं तरी उठली असती. मी नुसती तिच्याकडे बघत उभी राहिले, कारण ती झोप माझ्या ओळखीची होती. मग तो ब्रेक लागला आणि मी दांड्यावर आदळले.

आता मागे जावं लागेल, अकरा वर्षं. अठ्ठेचाळीस डाव्या बाह्या आठवतात? तू नक्की विसरली नसशील, त्या बाह्यांवरून मला वर्षभर चिडवत होते सगळे. नुकतीच कापायच्या टेबलाशी उभी राहिले होते मी, आणि टेबलाची प्रमुख माझी वहिनी, म्हणून नाक वर. छापील कापडाचे थर तोंडाला तोंड लावून घालायचे असतात, म्हणजे डावी-उजवी जोडी निघते, हे तू दहादा सांगितलं होतंस. मी बोलण्याच्या नादात सगळे थर एकाच तोंडानं पसरले आणि खटाखट कापून मोकळी झाले. उजवी बाही एकसुद्धा नाही! तू सगळ्यांदेखत म्हणालीस की हिला जिभेची कात्री आधी बंद करायला शिकवा, मग हातात कात्री द्या. अख्खा कारखाना हसला, आणि मी कायमची कात्री झाले. तूही हसलीस. नंतर साहेबासमोर चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस, ते मला दोन दिवसांनी कळलं. पण त्या दिवशी मी अशी काही फुगले होते की विचारू नकोस. एकवीस वर्षांची अक्कल.

आपण दोघी सुटल्यावर उलट्या दिशेनं चालत जायचो, आठवतं ना, बस जिथून सुटते तिथपर्यंत. वीस मिनिटं पायपीट, पण बसायला हमखास मिळायचं. तुला दिवस राहिल्यापासून तर तू त्याशिवाय बसमध्ये चढतच नव्हतीस. रमतगमत जायचो, तुला दम लागला की मी पिशव्या घ्यायचे. त्या संध्याकाळी मी थांबले नाही. तुला न सांगता भराभरा पुढे गेले, बसले, खिडकीजवळ. मला वाटलं, येईल मागून धापा टाकत, येऊ दे. तू आली नाहीस. एकटीला तेवढं चालवलं नसेल. बस भरली, सुटली, आणि कारखान्याच्या फाटकाशी थांबली तेव्हा तू तिथे उभी होतीस, एक हात कमरेवर.

हो, वहिनी. मी त्या बसमध्ये होते.

तू पुढच्या दारानं चढलीस. मी तिसऱ्या का चौथ्या बाकावर होते. मी स्कार्फ डोक्यावरून पुढे ओढला, काचेला कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले. मनाशी म्हणाले, पाच मिनिटं उभी राहू दे, मग उठते. सगळ्यांदेखत हसलीस ना, मग राहा उभी. इतकं क्षुद्र. तुझं पोट कुणाला दिसत नव्हतं, तू चुण्या अशा घेतल्या होत्यास. म्हणून लोक उठले नसतील, त्यांचं मी समजू शकते. मला मात्र दिसायची गरजच नव्हती. आदल्याच रविवारी त्याच ड्रेसच्या दोन्ही बाजू मी उसवून दोन-दोन बोटं सैल करून दिल्या होत्या. टाके माझे होते. पाच मिनिटं झाली, मग दहा झाली, आणि मग आता उठले तर आधी का उठले नाही हे कळेल, म्हणून उठता येईना. मग पुलाच्या वळणावर ब्रेक लागला. मी तुला पडताना पाहिलं नाही, डोळे मिटलेले होते. आवाज ऐकला. तू ओरडलीसुद्धा नाहीस, फक्त अगंबाई म्हणालीस. मग बायकांचा गलका झाला, तेव्हा चार-चार जणी उठल्या जागा द्यायला. आणि मी? मी पुढच्या थांब्यावर मागच्या दारानं उतरले. घरी चालत आले. रुसून चालत आले, असं आईला सांगितलं. माझ्या तेव्हाच्या तोंडाकडे बघून कुणालाही ते खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी तुझं बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले की पडल्यामुळेच असं ठामपणे सांगता येत नाही. मी त्या वाक्याला घट्ट धरून अकरा वर्षं काढली. पण तुला ते वाक्य कुणी धरू दिलं नाही. आई येता-जाता म्हणायची, पोटुशी बाईनं गर्दीत चढायचंच कशाला, पुढच्या बसला काय काटे होते? दादा तिला अडवायचा नाही. आणि तू सगळ्यांना सांगायचीस की माझंच चुकलं, मीच घाई केली, मीच चालत जायला हवं होतं. मी तिथेच असायचे, भाजीला फोडणी देत नाहीतर कपड्यांच्या घड्या करत. एकदाही तोंड उघडलं नाही. माझ्यासारखी बडबडी बाई! उलट तुझी फार सेवा केली. पाय चेपले, केस विंचरले, तू दादाला म्हणालीस की नणंद नाही, पोटची पोर आहे. तुला पुन्हा दिवस राहिले नाहीत. मग दादाची बदली झाली, तुम्ही गेलात, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

आता सगळं फिरून माझ्याकडे आलंय असं वाटतं. पडल्या पडल्या हिशोब लावते की तुझं गेलं तेव्हाही सहावाच होता. रस्त्यावर कुठल्याही बसचा ब्रेक करकरला की दोन्ही हातांनी पोट धरते. बाळ दोन तास हललं नाही की साखरपाणी पिते, कुशीवर होते, त्याच्याशी बोलते, की तुझ्या आईचा राग तू भोगू नकोस रे. मला माहीत आहे, असं काही नसतं. वार खाली असते ती असते, तिला कुणाचं पाप-पुण्य कळत नाही. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. चित्र पटतं आणि भीती जात नाही. त्या खिडकीतल्या पोरीवरसुद्धा मला धड चिडता येत नाही. वाटतं, तिला गाठून सांगावं, बाई, मी आणि माझं बाळ आहोत अजून, तू घरी जाऊन नीट झोप.

आणि काल तुझा फोन. दादाकडून कळलं म्हणालीस, आधी मला शिव्या घातल्यास, की सहा महिने मला परक्यासारखं ठेवलंस, आणि मी काही मागायच्या आत म्हणालीस, मी येते. शिवणाचा वर्ग बंद ठेवते, दहा आठवडे काय, वर्षभर राहीन. रविवारची सकाळची गाडी, तिकीट काढलंसुद्धा. येताना झबली शिवून आणते म्हणालीस, दोन्ही बाह्यांची, आणि हसलीस. अकरा वर्षांनी त्या बाह्यांवरून हसलीस गं. मी फोन ठेवला आणि उशी तोंडात कोंबून रडले. आई आता थकलीय, माझ्याकडे दुसरं कुणी नाही. तू आली नाहीस तर हे बाळ मी एकटीनं कसं सांभाळणार, मला खरोखर माहीत नाही. म्हणूनच गप्प राहावंसं वाटत होतं. तू येऊन मला ताटात वाढून देशील, माझी बादली उचलशील, माझ्या पोटाला तेल लावशील, आणि मी पुन्हा डोळे मिटून पडून राहीन. परत तेच. माझ्या गरजेच्या वेळी तुझ्यापासून हे लपवून ठेवलं तर ते पहिल्याहून वाईट. म्हणून हे पत्र. शिक्षिकाबाई आजच टाकतील, शुक्रवारपर्यंत तुझ्या हातात पडेल, म्हणजे गाडीत चढायच्या आधी तुला दोन दिवस मिळतील. माफी मागत नाही, ती मागायची माझी लायकी नाही, आणि या अवस्थेत मागितली तर तुला नाही म्हणता येणार नाही. फक्त एवढं ऐक. तू घाई केली नव्हतीस. तुझं चुकलं नव्हतं. तुझ्यासाठी बसमध्ये जागा होती, ती मी अडवून ठेवली होती. आईला आणि दादाला हे माझ्या नावानं सांग, किंवा हे पत्रच दाखव. तिकीट फाडलंस तरी मी तुला शब्दानं विचारणार नाही, फोनही करणार नाही. रविवारी मला उठून दारापर्यंत येता येणार नाही, म्हणून कडी काढून ठेवायला सांगितलंय. आलीस तर नुसतं ढकल. मी पडलेलीच असेन, पण या वेळी डोळे उघडे ठेवून तुझी वाट बघत असेन.

तुझीच,
कात्री