आधी तुझं पोट, मग माझं

राजाजीनगर, बंगलोर
दसऱ्यानंतरचा शुक्रवार, १९९७

ती. विद्यामावशीस,

साष्टांग नमस्कार (पालथं पडलं की पोटात जळजळतं, म्हणून हा उभ्यानंच केलाय, गोड मानून घे). तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? आईला मी खुशाल असल्याचं कळव. मी खुशाल नाही, पण तिला तेवढंच कळव. फोन केला असता, पण इथल्या एसटीडीवाल्याला मराठी समजतं आणि तो सगळं ऐकून वर सल्ला देतो.

कॉलेज सोडल्यावर (जर्नल मी सरांच्या टेबलावर आपटली होती, अंगावर नव्हे; तुमच्याकडे पोचलेली बातमी चुकीची आहे) मी रघुनंदनरावांच्या कंपनीत लागलो, हे तुला माहीत आहे. माणसं मराठी, पण तीनशे वर्षांपासून इकडची, त्यामुळे घरातलं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. तर आम्ही एका इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डासाठी पोट तयार केलंय. याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. प्रेशर कुकरच्या वजनाचा टोप डोक्यावर चढवायचा, डोळ्यांपुढे दोन भिंगं, की माणूस थेट अन्ननलिकेतून खाली. पोटाचे आजार असलेल्या मुलांना आत काय बिघडतं ते कळावं, दुर्बिणीच्या तपासणीची भीती जावी, हा हेतू. संगणक हळू आहे, म्हणून मान वळवली की जठर जरा वेळानं वळतं. लहान आतड्यात तर तो हमखास अडकतो आणि पोरगं तिथंच उभं राहतं. वीज गेली तर विचारूच नकोस, दुसऱ्याच्या पोटात मिट्ट काळोख. त्या इस्पितळात दुर्बिणीच्या खोलीत डॉक्टरांच्या हाताशी सिद्धी नावाची मुलगी आहे. (तिला मी अजून कॉफीलाही विचारलेलं नाही. दोनदा विचारणार होतो, दोन्ही वेळा रिक्षावाल्याशी भांडून पोचलो आणि आवाज खाली येईना.)

आता मुख्य गोष्ट. खंडेनवमीला इथे आयुधपूजा जोरात असते. रिक्षापासून शिलाई मशीनपर्यंत कुणी कुंकवाविना सुटत नाही. रघुनंदनरावांच्या आई कृष्णाबाई यांनी संगणक पुजले, प्रिंटर पुजला, दाराचं कुलूप पुजलं आणि टोपाला डोळे आहेत असं पाहून दोन्ही भिंगांवर कुंकवाचं एकेक बोट ओढलं. मी ते ओल्या फडक्यानं पुसलं. पुसलं कसलं, पसरलं. डोक्याला लावून बघायला हवं होतं, पण तेवढ्यात सिद्धीचा फोन आला की लगेच या, आणि तिनं 'या' म्हटलं की मला दुसरं काही सुचत नाही.

टोप चढला भार्गवीच्या डोक्यावर. नऊ-दहा वर्षांची, चिकपेटेतल्या साडीवाल्यांची मुलगी, खाल्लेलं अंगी लागत नाही, हात काड्यांसारखे. ती ओरडली नाही. टोप काढून मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "माझं पोट आतून एवढं लाल आहे?" मावशी, मग मी भिंगांत पाहिलं. आतडं कसलं, खाटकाचं दुकान. भिंगं लख्ख करून पुन्हा गुलाबी पोट दाखवलं, तर म्हणते हे खोटं, मला बरं वाटावं म्हणून केलेलं, पहिलं खरं. बोटाला लागलेलं कुंकू दाखवलं तरी पटेना. तेव्हापासून ती दुर्बिणीला तयार नाही. डॉक्टर म्हणतात, तपासल्याशिवाय औषध ठरत नाही, आणि पोर रोज वाळतेय. तिची आई माझ्यावर रागावतही नाही. रागावली असती तर उलट बोललो असतो, ते मला जमतं.

काल मी तिच्या खाटेशी उभा राहून घाबरण्यासारखं काही नसतं असं मोठमोठ्यानं समजावत होतो. माझा हात माझ्याच पोटावर होता. तिनं तो पाहिला. म्हणाली, "अण्णा, तुझंपण दुखतं ना? आधी तुझं बघू देत. मग माझं." डॉक्टरांनी मला तिथंच आडवं पाडलं, इथे तिथे दाबलं, किती दिवस जळजळतंय विचारलं आणि गंभीर होऊन म्हणाले, याचीही दुर्बीण करायलाच हवी. सिद्धी बघत होती. मी छाती काढून म्हणालो, आत्ता करा. (नुकतीच भजी खाल्ली होती, म्हणून पुढच्या शुक्रवारवर गेलं.)

मावशी, मी फार घाबरलोय. ती अन्ननलिका मी स्वतः काढलीय, किती अरुंद ते मला माहीत आहे. जठरातले व्रण मीच रंगवलेत, आता जेवायला बसलं की एकेक आठवतो. आणि नळी डॉक्टर घालणार, पण शेजारी उभी राहून टीव्हीवर बघणार सिद्धी. जिला मी अजून आडनावही धड सांगितलेलं नाही, तिला माझं जठर रंगीत दिसणार. ते एक वेळ सोसेन. पण खरंच काही निघालं तर?

तुझा,
अवधूत

ता. क. एवढं लिहिलं ते एका कामासाठी. बुधवारपर्यंत तार कर: 'काका अत्यवस्थ, ताबडतोब निघ.' काकांना आधी विचारून घे, आजारी पडायला ते सहसा नाही म्हणत नाहीत. भार्गवीला डॉक्टर समजावतील.

ता. क. दुसरा. तार करू नकोस. पाकीट चिकटवायच्या आधी टोप पोचवायला इस्पितळात गेलो होतो. भार्गवीनं सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलंय की शुक्रवारी अण्णा आत जाणार. मला विचारलं, भीती वाटते का. सिद्धी तिथंच होती, तरी मी हो म्हणालो. भार्गवी खाटेवर सरकली आणि मला बसायला जागा केली. सिद्धी एवढंच म्हणाली, की घरचं कुणीतरी सोबत लागतं, गुंगीत एकट्याला सोडत नाहीत. तेव्हा तू ये, गुरुवारच्या गाडीनं. आईला सांगू नकोस. भार्गवी काचेच्या दाराशी उभी राहणार आहे. आमचं ठरलंय की बाहेर येताना मी हात हलवायचा, कारण घसा बधिर असतो, बोलता येत नाही. मावशी, गुंगीत मला आठवलं नाही, तर माझा हात धरून तूच हलव.