पुन्हा पाहा

ती. बाबा,

सप्रेम जय भीम. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. डब्याची भाजी जरा तिखट असते, तेवढंच.

सुट्टीच्या दिवशी मी काही हौशी मंडळींबरोबर इंटरनेटवर पुण्याचा फुकट नकाशा बनवते, हे सांगितलं होतं ना? त्यात कुणी एस. के. मी टाकलेल्या प्रत्येक बसथांब्याखाली 'पुन्हा पाहा' एवढंच लिहायचा. दोन वर्षं! हिंजवडीतला कुणी शिष्ट पोरगा असणार म्हणून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचे.

रविवारी कोथरूडला आमची बैठक होती. गेले, तर हॉलला कुलूप. दारात पिशवी घेऊन एक आजोबा उभे. म्हणाले, "बैठक रद्द झाल्याचा मेसेज आपणही वाचला नाही वाटतं?" एवढ्या संगणकवाल्यांत मेसेज न वाचणारे आम्ही दोघेच!

नाव विचारलं, तर श्यामसुंदर केतकर. म्हणजे एस. के.! वय बहात्तर, निवृत्त बस कंडक्टर. मी भांडायलाच उभी राहिले. "अहो, इतकं तुटक का लिहिता?"

त्यांनी एक बोट वर केलं. "टायपिंगला हे एकच चालतं. दोन शब्दांत दमतं."

मग चहावर आजोबा दीड तास बोलले. मला मध्ये एक शब्द बोलू दिला नाही. माझे चौदा थांबे रस्त्याच्या उलट्या बाजूला होते, हेही खरं निघालं.

बाबा, आई गेल्यापासून तुमचाही मेसेज 'ठीक' एवढाच येतो. मी तेच खरं धरून बसले होते.

शनिवारी उदगीरला येतेय. चहा तुम्ही करा. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
मैत्री