ज्याचा हात स्वच्छ

१० ऑक्टोबर १९७७
मॅनेजरांनी बोलावलं. "हवालदार, गळीत तोंडावर आलंय. कॅन्टीनचे नियम नव्यानं लिहून टांगा. गेल्या हंगामात निम्मी पाळी जुलाबानं आडवी झाली. यंदा तसं झालं तर तुम्ही घरी!"
घरी म्हणजे कुठं? बायको रतन वारल्यापासून ही साखर कारखान्याची खोली तेवढी. लेक शिरूरला, तिच्या संसारात.

१२ ऑक्टोबर
जुनी पाटी उतरवली. तेलकट, अक्षरं उडालेली. शेवटचा नियम — 'पिण्याच्या पाण्याला ठरलेल्या माणसांनीच हात लावावा.' ठरलेली म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजच काय! मी इथला सुपरवायझर, तरी आचारी मला पाणी वरूनच ओततात. पलटणीत लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, सांभाळला. अख्खी कंपनी या बौद्धाच्या हातचं जेवली. इथं मात्र —
जाऊ दे. नवी पाटी रंगवली. पाणी उकळून गार करायचं. शिळी आमटी वाढायची नाही. नखं कापायची. ज्याचं पोट बिघडलंय, हाताला जखम किंवा गळू आहे, त्यानं अन्नाला शिवायचं नाही. आणि पाण्याचं — 'ज्याचा हात स्वच्छ, त्यानं पाणी काढावं.'

१३ ऑक्टोबर
आचारी पाटीखालून ये-जा करत राहिले. भांडी घासणाऱ्या भागुबाईनं तेवढं विचारलं, "काय लिव्हलंय?" वाचून दाखवलं. "बरं हाय," म्हणाली. इकडंतिकडं बघून परत राखेत हात घातला.

२ नोव्हेंबर
गळीत सुरू. पहिली पाळी जेवून गेली. खोलीवर आलो की रेडिओ लावतो. बातम्या संपल्या तरी बंद करत नाही. माणसाचा आवाज असावा जरा.

७ नोव्हेंबर
आज भडका उडाला.
मोठे आचारी पोपटराव. राहू गावचे, घरची बागायत, भाऊ सरपंच. कणीक मळत होते. अंगठ्याला फडकं. म्हटलं, सोडा बघू. नखाभोवती नखुरडं — पिवळंधमक, पू दाटलेला!
"पोपटराव, बरं होईस्तोवर अन्नाला शिवू नका. हजेरी लावतो तुमची."
"शिवू नका? तुम्ही मला म्हंताय — शिवू नका?"
"नखुरडं आहे म्हणून म्हणतोय."
"आमच्या बापजाद्यानं असलं कुणाचं ऐकून घेतलं न्हाई!"
टॉवेल झटकून निघून गेले. मागोमाग दुसरे दोघे आचारीही.
तो शब्द मी मुद्दाम वापरला नव्हता. खरंच नव्हता? पाटीवर 'हात लावू नये' असंही लिहिता आलं असतं की.

८ नोव्हेंबर
पहाटे उठून एकट्यानं रांधलं. वरण, भात, वांग्याची भाजी, चपात्या. पाळी सुटली. माणसं आली, हात धुतले, वाढायला मी उभा दिसलो आणि —
"भूक न्हाई आज."
"डबा आणलाय." हातात डबा नाही!
बॉयलरवरचा भय्या म्हणाला, "आज उपवास है."
भागुबाईला ताट केलं. ती मागं सरकली. "मला गावात ऱ्हायचंय, दादा. राग धरू नका."
नाही धरला. सगळं उसाच्या गाड्यांच्या बैलांपुढं टाकलं. रिकामी पातेली दोघांनी मिळून घासली.

९ नोव्हेंबर
आजही तेच. मॅनेजर म्हणाले, "पोपटरावांची माफी मागा. पाटी सध्या काढून ठेवा."
"आणि नखुरडं?"
"अहो, माणसं उपाशी कामाला जातायत! उद्या संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर दुसरा सुपरवायझर."
पाटी काढणार नाही. ट्रंक भरून ठेवली. लेकीला काय सांगायचं, ते सुचत नाही.

१० नोव्हेंबर
दुपारी पोपटराव आले. अंगठ्याला दौंडच्या दवाखान्यातली पट्टी. माणसं ताटाविना बाकांवर बसलेली. कुणाकडं न बघता सरळ माझ्यापुढं आले, ताट धरलं.
"डाक्टरनं चिरलं. म्हनला, ह्यो पू कणकेत गेला असता तर अख्खी पाळी दवाखान्यात. वाढा, हवालदार."
वाढलं. ते सगळ्यांच्या मधोमध बसले. चमच्यानं भाजी खाल्ली. मागं कुणीतरी उठून ताट उचललं.
"मीठ कमी हाय," म्हणाले. "उद्या शेजारी हुभा ऱ्हातो. हात लावणार न्हाई, सांगतो फकस्त."